सांगलीत नवीन आलाय? हक्काचा मटणवाला असा शोधा

बदली होऊन आलेले बँकवाले, वालचंदला नाहीतर विलिंग्डनला ॲडमिशन घेऊन रूमवर स्वतः शिजवणारी पोरं, मिरजेच्या हॉस्पिटलांत जॉइन झालेले डॉक्टर आणि सिस्टर, सगळे आल्या आल्या एक प्रश्न विचारतातच, की इथं मटण चांगलं कुठं मिळतं ओ. आणि ज्याला विचारावं तो छाती ठोकून आपल्याच मटणवाल्याचं नाव सांगतो, दुसरा म्हणतो छे तिथं काय घेताय, तिसरा म्हणतो खरं मटण खायचं तर आमच्या गावाकडं चला. मी इथं कुठल्याच दुकानाचं नाव सांगणार नाहीये. म्हातारा उठून पोरगा बसायला लागला की दुकान बदलतं, आणि कुपवाडला राहणाऱ्यानं दर रविवारी मटणासाठी सांगली गाठायची हे फार दिवस टिकत नाही. त्यामुळं शोधायचं कसं तेवढं सांगते, मग घरापासून गाडीवर दहा मिनिटांच्या आत तुमचा तुम्हाला सापडेल.

हे सगळं मटणाबद्दल आहे, म्हणजे शेळी-मेंढीचं. चिकन सेंटर चौकाचौकात आहे, समोर पिंजरा, कोंबडी दाखवा, वजन करा, सोलून घ्या, त्यात स्वच्छता सोडली तर शोधण्यासारखं फारसं नाही. मटणाचं जनावर मात्र तुम्ही पोचायच्या आधीच कापलेलं असतं, वय माहीत नाही, नर का मादी माहीत नाही, आज कापलं का काल माहीत नाही, आणि एका किलोच्या पैशात चिकन तीन किलो येतं. म्हणून एवढा खटाटोप.

फोनवर मॅप उघडून शोधाल तर निम्मी हॉटेलं आणि उरलेली चिकन सेंटर दिसतील. स्टार बघून तर अजिबात जाऊ नका, वीस-वीस वर्षं एकाच ठिकाणी मटण घेणारी माणसं स्टार द्यायला बसत नाहीत.

आधी घरमालक

मटणवाला शोधायच्या आधी घरमालकाला विचारा. सांगली-मिरजेत जैन समाज मोठा आहे, बऱ्याच गल्ल्यांत आणि अपार्टमेंटांत घर देतानाच सांगतात की घरात नॉनव्हेज चालणार नाही, आणि काहीजण सांगत नाहीत पण धरूनच चालतात. करार करायच्या वेळीच स्पष्ट विचारून घ्या. कुकरची शिट्टी झाल्यावर जिन्यात बोलणी खाण्यापेक्षा ते बरं.

कुणाला विचारायचं

ऑफिसातल्या साहेबाला विचारू नका, त्याच्या घरी मटण कोण आणतं हे बऱ्याचदा त्यालाच माहीत नसतं. सगळ्यात भारी माणूस म्हणजे आचारी. जत्रेचं, जावळाचं, आखाडाचं जेवण करणारे आचारी प्रत्येक भागात असतात, त्यांना एका पातेल्यात वीस-तीस किलो एकसारखं शिजवून द्यायचं असतं, त्यात चार किलो जून निघालं की पंगतीत शिव्या त्यांनाच बसतात, त्यामुळं ते माल बघून घेतात. कोपऱ्यावर मंडप-भांडीवाला असेल तर त्याच्याकडनं आचाऱ्याचा नंबर मिळतो. दुसरी जागा चटणीचा डंक, म्हणजे मिरच्या-मसाला कुटून देणारी गिरणी. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायला बायका मिरच्या, खोबरं, मसाला घेऊन नंबर लावून बसलेल्या असतात आणि तासभर गप्पांशिवाय काम नसतं, तिथं नुसतं विचारा की मावशी तुमच्यात मटण कुठनं आणतात, पत्ता तर मिळेलच, वर कोण काटा मारतो आणि कोण कालचं खपवतो याची यादी फुकट मिळेल. तिसरी जागा घरगुती खानावळ, जिथं बुधवारी नाहीतर रविवारी मटण ताट असतं. मोठ्या हॉटेलात मात्र विचारू नका, त्यांचा खरेदीचा हिशोब वेगळा असतो, त्यांना दर लागतो, तुम्हाला चव लागते.

विचारताना "चांगलं कुठं मिळतं" असं विचारू नका. "तुम्ही स्वतः कुठनं आणता आणि त्याच्या आधी कुठनं आणत होता" असं विचारा. का सोडलं हे ऐकण्यात जास्त माहिती असते. असं करत दोन-तीन नावं जमली की बास, जास्त गोळा करून डोकं फिरवून घेऊ नका.

पहिल्यांदा बुधवारी जा

नवीन माणूस हमखास रविवारी सकाळी नऊला जातो आणि तिथंच फसतो. रविवारी दुकानासमोर गाड्यांची रांग, आत दोघंतिघं एकदम तोडतायत, कुणाला मान वर करून बघायला वेळ नाही, आधीच तोडून ठेवलेला ढीग समोर असतो आणि त्यातनं पिशवी भरली जाते. त्या दिवशी चांगला मटणवाला पण तुम्हाला चांगलं देऊ शकत नाही, मग ओळख कुठली व्हायची.

आपल्याकडं खायचे वार म्हणजे रविवार, बुधवार, शुक्रवार. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत पाळतात, मंगळवार कुणी पाळतं कुणी नाही. जास्त पाळणूक असलेल्या वारी दुकान उघडं असलं तरी माल कालचा राहिलेला असण्याची शक्यता वाढते, तेव्हा नवीन असताना त्या वारी घेऊ नका. बुधवारी सकाळी सातच्या सुमाराला जा. जनावर पूर्ण टांगलेलं असतं, गिऱ्हाईक तुरळक असतं, मटणवाल्याला बोलायला वेळ असतो आणि तुम्हाला बघायला. पहिल्यांदा अर्धा किलोच्या वर घेऊ नका, पाहुण्यांच्या दिवशी प्रयोग तर नकोच.

काय बघायचं

आत शिरायच्या आधी नाक. मटणाच्या दुकानाला वास असतोच, ताज्या मांसाचा, थोडा रक्ताचा, तो वेगळा आणि आंबूस, कुजका वास वेगळा, हे कुणी शिकवावं लागत नाही. मग खाली बघा, पाणी कुठं वाहतंय, घाण कशात टाकली आहे, झाकण आहे का. माल काचेच्या आत नाहीतर जाळीच्या आड आहे का नुसता रस्त्याच्या धुळीत लोंबतोय. भिंतीवर महापालिकेचा परवाना आणि अन्न सुरक्षेचा १४ आकडी नंबर लावलेला असावा. नंबर आहे म्हणजे मटण चांगलंच असं नाही, पण जो माणूस कागद नीट ठेवतो तो बाकीचं पण बरं ठेवतो असा माझा अनुभव आहे. मांसावर डॉक्टरी तपासणीचा शिक्का दिसला तर फारच उत्तम. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वैधमापनवाल्यांकडनं, म्हणजे वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्याकडनं, तपासून शिक्का मारून घ्यायचा असतो, त्याचं सर्टिफिकेट काट्याजवळच असायला पाहिजे. आणि मटण ठेवायच्या आधी काटा शून्यावर आहे का ते बघायला लाजू नका, कागद नाहीतर पिशवी ठेवून मग शून्य करायचा असतो.

मटण तोडायचा ओंडका बघा. जुन्या मटणवाल्यांकडं चिंचेच्या लाकडाचा असतो कारण ते लाकूड चिवट, सत्तूर बसला तरी त्याच्या ढलप्या उडत नाहीत. चांगल्या दुकानात संध्याकाळी ओंडका तासून, खरवडून, मीठ चोळून ठेवतात, सकाळी तो कोरडा आणि फिकट दिसतो. काळा पडलेला, चिरा गेलेला, चिरांत काहीतरी अडकलेला ओंडका दिसला की मी तरी पुढं जाते.

आता टांगलेलं बकरं. लहान जनावर अख्खं सोलून साधारण आठ ते बारा किलोच्या आसपास भरतं, त्याच्या फार वर दांडगं दिसलं तर वय जास्त असण्याची शक्यता धरा. बरगड्या बघा, कोवळ्या जनावराच्या बरगड्या गुलाबीसर असतात, वय झालेल्याच्या पांढऱ्याफटक आणि कडक. चरबी पांढरी पाहिजे, पिवळट असेल तर बहुतेक जून माल. मांस गुलाबी ते लालसर, काळपट लाल नको, काळपट म्हणजे रक्त नीट वाहून गेलेलं नाही नाहीतर बराच वेळ उघड्यावर आहे. नर आहे हे कळावं म्हणून बरेच मटणवाले गोळ्या, म्हणजे वृषणं, तशाच ठेवतात आणि बोकड का मेंढरू हे कळावं म्हणून शेपटीचं टोक न सोलता सोडतात, ते गिऱ्हाइकानं बघावं म्हणूनच असतं, तेव्हा बघा. खच्ची बोकडाला गोळ्या नसतात, त्याला चरबी जरा जास्त असते पण उग्र वास येत नाही, आणि खच्ची न केलेला मोठा बोकड असेल तर तो वास कितीही आलं-लसूण घातलं तरी रश्शात उतरतोच. वेत झालेली म्हातारी शेळी ओळखायची असेल तर मागचा भाग बघा, कासेची जागा, ढिली कातडी, रुंद ढुंगण. ती स्वस्तात मिळते आणि कुणीतरी घेतंच, पण मग बोकडाच्या भावानं घेऊ नका.

बोट लावून बघायला विचारा, बहुतेक हो म्हणतात. दाबलं की खळगा भरून यायला पाहिजे आणि बोटाला चिकट बुळबुळीत लागता कामा नये. मांस पाण्यानं निथळत असेल तर वजनासाठी नाहीतर चकाकीसाठी पाणी मारलेलं असतं, ताज्या मटणाला ओल असते पण खाली थेंब थेंब गळत नाही.

हे सगळं ठीक, पण मी स्वतः सगळ्यात जास्त कशावर जाते तर हातावर. मांडी सोडवताना बघत उभं राहा. जाणता माणूस सत्तूर बाजूला ठेवून आधी छोटी सुरी घेतो, अंगठ्यानं मांस सारून सांधा चाचपतो, सुरीचं टोक सांध्यात घालून जरा फिरवतो आणि अख्खा पाय आवाज न होता हातात येतो. सत्तूर तो फक्त नळी आणि बरगडी तोडायला उचलतो आणि एका जागी एकच घाव घालतो. शिकाऊ किंवा घाईतला माणूस सगळीकडं सत्तूरच चालवतो, एका हाडावर तीन-तीन घाव, आणि मग त्या हाडाच्या बारीक चुऱ्या रश्शात येतात, लहान पोरांच्या घशाला टोचतात, खाताना मजा निघून जाते. मटण कितीही ताजं असू दे, तोडणारा असा असेल तर मी दुसरं दुकान बघते.

बोकड का मेंढरू, सरळ विचारा

सांगलीत हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. जिल्ह्याचा पूर्व भाग, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, हा सगळा कमी पावसाचा मेंढपाळांचा पट्टा, आटपाडीच्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजाराला तर लांबलांबचे व्यापारी येतात, त्यामुळं इथं मेंढीचं मटण भरपूर खाल्लं जातं आणि आवडीनं खाल्लं जातं. जतजवळच्या माडग्याळ गावाच्या नावाची मेंढीची जातच आहे, पोपटासारखं बाकदार नाक आणि पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके. त्यातले पैदाशीचे मेंढे लाखांत विकले जातात, ते काय तुमच्या ताटात येणार नाहीत, बिनधास्त राहा.

धनगर लोक मेंढरांना पण बकरीच म्हणतात, त्यामुळं "बकऱ्याचं आहे का" विचारलं की उत्तर हो येतं आणि सांगणारा त्याच्या परीनं खरंच बोलत असतो. म्हणून "बोकड हाय का मेंढरू" असं विचारायचं. यात वाईट काही नाही. मेंढीच्या मटणाला चरबी पाठीवर, कातडीखाली पण असते, ती पांढरी आणि गार झाली की घट्ट होते, रश्शाला तवंग मस्त येतो पण ताट गार झालं की वर पांढरा थर धरतो, तेव्हा गरमगरम खायचं. बोकडाची चरबी जास्त करून पोटात आणि गुर्द्यांभोवती असते, अंगावर कमी, मांस कोरडं आणि रेषा जाड. पालवं, म्हणजे कोवळं पिल्लू, मिळालं तर पटकन शिजतं, चव मात्र थोडी पुळचट असते असं माझं मत, घरातले भांडतात यावरून. दर दोन्हीचा वेगळा असू शकतो, दर बोकडाचा आणि मटण मेंढीचं हे चालणार नाही, एवढंच.

कापण्याच्या पद्धतीबद्दल तुमच्या घरी काही पाळत असाल तर तेही पहिल्याच दिवशी शांतपणे विचारून घ्या. आपल्याकडं गावगाड्यात बकरं कापायचं काम मुलाण्याकडं असायचं, हिंदूंच्या जत्रेत सुद्धा, त्यामुळं दुकानदाराच्या आडनावावरून अंदाज बांधू नका. बऱ्याच ठिकाणी पाटीवर लिहिलेलं असतं, नसेल तर मटणवाला सांगतो, रागवत नाही.

काय बोलायचं, कसं मागायचं

"एक किलो मटण द्या" एवढंच बोललात तर जे हाताला येईल ते मिळेल, आणि त्यात त्याची काय चूक. किलो सांगायच्या आधी काय करणार ते सांगा. मला आवडणारं बोलणं साधारण असं असतं:

"मामा, पाऊण किलो द्या, अळणी काढून तांबडा-पांढरा दोन्ही करायचाय, पोरं लहान आहेत."

"मग दोन नळ्या घालतो की, मान बी घेतो जरा. पीस बारीक करू?"

बास, एवढ्यात काम झालं. अळणीला, म्हणजे मटण शिजवून निघालेल्या बिनतिखटाच्या पाण्याला, आणि पांढऱ्या रश्शाला उतारा येतो तो नळी, मान आणि सीन्याच्या, म्हणजे छातीच्या, हाडांतनं, नुसत्या मांडीच्या मऊ तुकड्यांचा रस्सा पाणचट होतो. सुकं करायचं असेल तर मांडी आणि फरा, म्हणजे पुढच्या पायाचा खांद्याकडचा भाग. बिर्याणीला मोठे पीस. खिमा सत्तूरानं हातानं करून घ्या, वेळ लागतो म्हणून रविवारी नाही म्हणतील, बुधवारी करून देतात, आणि खिम्यासाठी मांस तुमच्यासमोर अख्खं घेऊन मग बारीक करायला सांगा, तयार खिमा मी घेत नाही. चाप, म्हणजे बरगडीचे पीस, ज्यांना आवडतात ते मागतातच.

एक गोष्ट नवीन लोकांना कुणी सांगत नाही. अख्ख्या बकऱ्याला मांड्या दोनच असतात. प्रत्येकानं येऊन "फक्त मांडीचं, हाड नको, चरबी नको" म्हटलं तर मान, सीना, बरगडी तो कुणाला विकणार. म्हणून मिक्स घेणाऱ्या गिऱ्हाइकाला तो मनापासून चांगलं देतो, आणि नुसती मांडी हवी असेल तर थोडा जास्त दर मागितला तर वाद घालू नका. मी म्हणते, "मांडी, फरा, सीना मिक्स द्या, चरबी बेतात," आणि हे वजन करायच्या आधी म्हणते. वजन झाल्यावर चरबी काढायला लावली की पैसे चरबीचे पण गेलेले असतात. झिल्ली, गाठी, छिचडं काढूनच काट्यावर ठेवायला सांगा. किती घ्यायचं तर हाडासकट माणशी पाव किलो धरा, रस्सा वाढवणारं घर असेल तर एका किलोत पाच-सहा जण आरामात जेवतात.

दराची घासाघीस करू नका, इथं मटणाचा दर भागात जवळपास सारखाच असतो आणि तो वाढला की सगळं गाव बोलतं. शेजारी कोल्हापुरात २०१९ च्या शेवटी मटणाच्या दरावरून आंदोलनं झाली, दर ठरवायला बैठका बसल्या, यावरून इकडच्या माणसाचा जीव कशात आहे ते समजून घ्या. कुणी बाकीच्यांपेक्षा खूपच स्वस्त देत असेल तर खूश होण्याऐवजी परत एकदा बरगड्या आणि चरबी बघा.

वजडी (पोट-आतडी), मुंडी, पाय, रक्ती (गोठलेलं रक्त) हे आवडत असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, नेहमीच्या गिऱ्हाइकांचं ठरलेलं असतं. मुंडी आणि पाय भाजून, खरवडून मागा, घरच्या गॅसवर ते करायला गेलात तर वास दोन दिवस जात नाही. वजडी धुऊन मिळाली तरी घरी गरम पाण्यानं परत धुवायचीच. कलेजी मात्र त्याच दिवशी खायची, ठेवायची नाही.

बायकांनी जावं का असं एका नवीन आलेल्या मुलीनं मला विचारलं होतं. जावं की! बऱ्याच घरांत आणणारा एक आणि शिजवणारी दुसरी असते, म्हणूनच मग "हे काय आणलंय" अशी भांडणं होतात. शिजवणाऱ्यानं स्वतः जाऊन एकदा सांगितलं की मटणवाल्याला पण कळतं, नंतर घरातलं कुणीही गेलं तरी "वहिनींचं नेहमीचं" म्हटलं की मिळतं.

घरी आणल्यावर

स्टीलचा डबा घेऊन जा. २०१८ पासून आपल्याकडं पातळ प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तरी काळी पिशवी मिळतेच, पण गरम मटण बंद पिशवीत घामेजतं आणि उन्हाळ्यात अर्ध्या तासात वास धरतं. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा मटण घेऊन मग भाजी, मग दूध, मग इस्त्री असला फेरा मारू नका, मटण शेवटी घ्या आणि थेट घरी या.

आल्यावर पाण्यातनं एकदा-दोनदा काढा, तासभर भिजवत ठेवू नका, चव पाण्यात जाते. मग मीठ आणि हळद चोळा, हळद तर आपल्याच गावची, त्याबाबत कंजूषपणा नको. आता शिजवायचं कधी. जनावर कापल्यावर काही तासांनी मांस आखडतं आणि मग थंडीत ठेवलं की हळूहळू परत सैल पडतं. म्हणजे एकतर सकाळी आणून लगेच चुलीवर चढवा, नाहीतर फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी करा. सकाळचं आणून दुपारी चारला शिजवायला घेतलेलं मटण चिवट लागलं तर दरवेळी दोष मटणवाल्याचा नसतो. शिजवताना वरनं पाणी घालायचं तर गरमच.

फ्रीझरमध्ये साठवायचं तर एकावेळी लागेल तेवढ्या पुड्या करून ठेवा, एकदा बर्फ सुटलेलं परत गोठवू नका. आणि हे सांगलीवाल्यांसाठीच, पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी ४० फुटांकडं, म्हणजे इशारा पातळीकडं निघाली की फ्रीझर भरून ठेवायच्या भानगडीत पडू नका. २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांत नदीकाठच्या भागाची काय अवस्था झाली ते आठवा, लाइट गेली की आधी मटणच जातं.

दुकान पक्कं कधी करायचं

दोन-तीन वेळा वेगवेगळ्या वारी घेऊन बघा. एकदा मुद्दाम उशिरा, अकराला जा. चांगला मटणवाला संपलं असेल तर संपलं म्हणतो, आत जाऊन कुठनंतरी आणून देत नाही. एकदा घरातल्या दुसऱ्याला पाठवा, ओळख नसताना काय देतो ते कळतं. मटण चिवट निघालं तर दुसऱ्यांदा गेल्यावर सरळ सांगा, ओरडून नाही, "मामा, मागच्या वेळचं शिजायला लई वेळ लागला ओ." त्यावर जो म्हणतो "व्हय, ते जरा मोठं होतं, आज बघून देतो" तो धरून ठेवायचा. जो म्हणतो तुमचा कुकरच खराब असेल, त्याला रामराम. वजनात मात्र दोनदा खोट आली तर बोलत बसू नका, दुकान बदला, आणि जमलं तर वैधमापनकडं तक्रार टाका.

ओळख झाली की उधारी करू नका, सुटे पैसे नाहीतर ऑनलाइन लगेच द्या. गप्पा मारा, पण रविवारी नाही.

सणवार आणि गर्दीचे दिवस

श्रावणात निम्मं गाव पाळतं, बरेच मटणवाले त्या महिन्यात गावी जातात किंवा एखादंच बकरं कापतात, तेव्हा दुकान बंद दिसलं म्हणून घाबरू नका. त्याच्या आधीचा आखाड आणि विशेषतः शेवटचा रविवार म्हणजे कहर. तसंच धुळवड, संक्रांतीनंतरचा करीचा दिवस, आणि नवरात्र सुटल्यावरचा पहिला खायचा वार. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रांनी बकऱ्यांची मागणी वाढते, बकरी ईदच्या आधी बाजारात जनावरं महाग होतात, दोन्ही वेळा दर वर सरकतो. महावीर जयंती, गांधी जयंती अशा दिवशी विक्री बंद असते, आदल्या दिवशीच आणून ठेवा.

गर्दीच्या दिवसासाठी नुसतं लवकर जाऊन उपयोग नसतो, पहाटेपासून पिशव्या आणि डबे रांगेत लावलेले असतात. आदल्या संध्याकाळी फोन करा, किती किलो, काय करणार, पीस केवढे, आणि किती वाजता येऊ हे विचारून घ्या. मग सांगितलेल्या वेळेलाच जा, कारण धुळवडीला बाजूला काढून ठेवलेला डबा अर्धा तास उशीर झाला की दुसऱ्याला जातो आणि त्या दिवशी तुमची बाजू कुणी ऐकून घेत नाही.